खोक्यावरचं नाव आणि चिपचा क्रमांक

(सिंदी मेघे, जि. वर्धा इथल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला एकदोघांनी विचारलं, ‘सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता लिनक्सच्या कर्नलवर काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की ‘समोरची वस्तू नेमकी कोणती?’ हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. स्वतःचा कर्नल स्वतः बांधायला बसलेल्या माणसापुढे तोच प्रश्न पन्नास वेळा येऊन उभा राहतो. फरक एवढाच, की वर्गात उत्तर चुकलं तर चर्चा लांबते. इथं चुकलं तर मशीन सुरूच होत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगू. कर्नल म्हणजे संगणकातल्या सगळ्या प्रोग्रॅम्सच्या खाली बसलेला मुख्य प्रोग्रॅम. डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, साउंड या सगळ्यांशी तोच बोलतो. प्रत्येक उपकरणाशी बोलायचा त्याचा जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सचा कर्नल सोर्सपासून बांधायचा म्हटलं, की समोर पर्यायांचा एक मोठा मेन्यू येतो. त्यात हजारो ड्रायव्हर्स. बहुतेकांपुढे तीन उत्तरं शक्य असतात: हो, नाही, किंवा मॉड्यूल, म्हणजे ‘वेगळा ठेव, लागेल तेव्हा जोड’. आता आपल्या मशीनला यातले कोणते हवेत? हे कसं ठरवायचं, आणि ठरवायच्या पद्धती गेल्या तीसेक वर्षांत कशा बदलत गेल्या, तो इतिहास आज बघायचा आहे.

दोन सिंदी

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. आपण बसलोय ती सिंदी मेघे. वर्धा शहराला चिकटलेली. आणि नागपूरच्या वाटेवर रेल्वेलाइनवर दुसरी सिंदी आहे, तिला आपण सिंदी रेल्वे म्हणतो. बाहेरगावच्या पाहुण्याला नुसतं ‘सिंदी’ सांगितलं तर तो भलत्याच ठिकाणी उतरतो. बरं, नुसतं ‘मेघे’ म्हणावं तर सावंगी मेघे आहे, बोरगाव मेघे आहे, पिपरी मेघे आहे. म्हणजे नावाचा पहिला शब्दही पुरत नाही आणि दुसराही पुरत नाही.

देशभर हीच अडचण टपाल खात्याला होती. एकसारख्या नावांची गावं, आणि पत्ते वेगवेगळ्या भाषांत नि लिप्यांत लिहिलेले. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो आणण्यामागे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते. मराठी माणूस, आणि संस्कृतातला मान्यताप्राप्त कवी. शब्दांवर आयुष्यभर प्रेम केलेल्या माणसाने पत्त्यासाठी मात्र शब्दांवर भिस्त ठेवली नाही, सहा अंक दिले. नाव माणसांच्या सोयीसाठी राहू द्या, टपाल पोचवायला क्रमांक वापरा. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती आपल्याला पुढे लागणार आहे.

दोन मित्रांच्या दोन डिस्क

आता हेलसिंकीला जाऊ. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती बाहेर काढली. तिच्यात मेन्यू नव्हता, प्रश्नोत्तरं नव्हती. कॉन्फिग नावाची एक छोटी हेडर फाइल होती, ती हाताने बदलायची. तिच्यात हार्ड डिस्कसाठी दोन खुणा होत्या: एक ‘लिनस एचडी’ आणि दुसरी ‘लासू एचडी’. लासू म्हणजे लिनसचा मित्र लार्स विर्झेनियस. म्हणजे पहिल्या लिनक्समध्ये डिस्कचा पर्याय निवडायचा म्हणजे ‘तू लिनस आहेस की लासू?’ एवढंच सांगायचं! तिसरा कोणी असेल तर त्याने आपल्या डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे तिथं स्वतः भरायचे.

हसू येतं, पण यात एक मोलाची गोष्ट आहे. त्या दोघांना आपापल्या डिस्क पूर्ण माहीत होत्या. यंत्र आणि ते ओळखणारा माणूस यांच्यात तेव्हा अंतरच नव्हतं. पुढचा सगळा इतिहास हे अंतर वाढत जाण्याचा आहे, आणि ते भरून काढण्याच्या धडपडीचा आहे.

अंतर वाढलं ते लवकरच. वापरणारे वाढले, कार्डं वाढली. मग रेमंड चेन यांनी लिहिलेली कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट आली. ती एकामागून एक प्रश्न विचारायची: अमुक कार्ड आहे का, हो की नाही? तमुक आहे का? शेवटाकडे आल्यावर लक्षात आलं की मागे एक उत्तर चुकलं, तर मागे जायची सोय नाही. पुन्हा पहिल्यापासून. १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत मॉड्यूल आले, आणि १९९६ च्या २.० पर्यंत बाणाच्या कळांनी फिरता येईल असा मेन्यूही आला. फिरणं सोपं झालं. पण मेन्यू फक्त ‘काय हवं?’ एवढंच विचारत होता. ‘तुझ्याकडे काय आहे?’ हे शोधायचं काम माणसाकडेच होतं.

आणि माणूस ते कसं शोधायचा? खोकं बघून.

एका अधिक चिन्हाची गोष्ट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे जागोजागी असेंबल केलेले संगणक आले. नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणायचे आणि कुणाकडून तरी जोडून घ्यायचे, असा तो काळ. नेटवर्क कार्डांत डी-लिंक हे नाव घरोघरी माहीत होतं. त्यांच्या भारतीय कंपनीचं ठाणं गोव्यात, वेर्णा औद्योगिक वसाहतीत. या नावाची दोन कार्डं बघा. एक डीएफई-५३०टीएक्स. दुसरं डीएफई-५३०टीएक्स+. फरक फक्त शेवटच्या अधिक चिन्हाचा. कुणालाही वाटेल, दुसरं म्हणजे पहिल्याचीच सुधारलेली आवृत्ती.

प्रत्यक्षात पहिल्यावर व्हिया कंपनीची ‘ऱ्हाइन’ चिप, आणि दुसऱ्यावर रिअलटेकच्या ८१३९ जातीची चिप. दोन्ही सर्वस्वी वेगळ्या. पहिल्याचा ड्रायव्हर ‘व्हिया-ऱ्हाइन’, दुसऱ्याचा ‘८१३९टू’. खोक्यावरचं नाव वाचून मेन्यूत ‘डी-लिंक’ शोधणारा माणूस इथं हमखास फसायचा. उलट आपल्याकडे चालणारं डी-लिंकचंच डीएफई-५३८टीएक्स हे कार्ड, ज्याचा नंबर निराळा, त्यावर परत रिअलटेकचीच चिप! म्हणजे जवळच्या नावाची दोन कार्डं आतून वेगळी, आणि वेगळ्या नावाची दोन कार्डं आतून एकच.

यात कंपनीने कुणाला फसवलं असं नाही. खोक्यावरचं नाव हे विक्रीसाठी असतं. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातलं ते नाव. कर्नलला मात्र चिपशी बोलायचं असतं. कर्नलच्या मेन्यूत म्हणूनच बहुतेक नावं चिपची असतात, दुकानातली नसतात. नवख्या माणसाला मेन्यू परका वाटतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

मग चिप ओळखायची कशी? इथं पिन कोड आठवा. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय नावाची जोडणीपद्धत आणली. तिच्यात बसणाऱ्या प्रत्येक कार्डाने स्वतःच्या पोटात दोन क्रमांक बाळगायचे असा नियम आहे: एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. संगणक सुरू होताना विचारतो आणि कार्ड सांगतं. हे आकडे सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून त्यात ए ते एफ ही अक्षरंही येतात. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी, आणि त्या चिपचा ८१३९. डी-लिंकचा स्वतःचा क्रमांक ११८६. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, त्यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचा. हौस सगळ्यांनाच असते!

मार्टिन मारेश या चेक प्रोग्रॅमरने हे क्रमांक वाचून दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा लिहिली. एवढीशी आज्ञा, पण तिने प्रश्न विचारायची जागाच बदलली. आता खोक्याला विचारायचं नाही, दुकानदारालाही नाही. थेट वस्तूला विचारायचं, ‘बाई, तू कोण?’

जिथं पर्यायच नव्हता

आपल्याकडचा इतिहास सांगताना मोडेमला वगळून चालणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षापासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले. २००१ मध्ये बंगळुरात त्यांनी लिनक्सची मोठी परिषद सुरू केली. २०१३ मध्ये ते गेले. डायल-अपच्या त्या दिवसांत एवढा मोठा सोर्स उतरवून घेणं म्हणजे टेलिफोनच्या बिलाला आमंत्रण; त्यामुळे मासिकाच्या सीडीवरूनच कितीतरी जणांची लिनक्सशी पहिली ओळख झाली.

पण सीडी बसवली तरी इंटरनेटला जोडायचं कसं? बाहेरून जोडायचा मोडेम असेल तर अडचण नव्हती. तो सीरियल पोर्टवर चालायचा. स्वस्तातल्या संगणकांत मात्र आतल्या बाजूला एक कार्ड असायचं, त्याला लोक ‘विनमोडेम’ म्हणायचे. खऱ्या मोडेममधलं बरंचसं काम करणारी यंत्रणा त्यात नसायचीच. ते काम विंडोजवरचा ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घ्यायचा. म्हणून ते स्वस्त. पण त्या ड्रायव्हरच्या आत काय चाललंय हे बनवणारे उघड करत नसत. परिणाम असा, की एलएसपीसीआय कार्डाचा क्रमांक व्यवस्थित दाखवायची, ओळख पक्की व्हायची, आणि कर्नलच्या मेन्यूत त्याचा पर्यायच नसायचा. काहींसाठी नंतर कंपन्यांनी बंद पेटीसारखे ड्रायव्हर दिले, ते विशिष्ट कर्नलवरच चालायचे. कर्नल बदलला की मोडेम मुका.

यातून एक भेद स्पष्ट होतो. ‘मला माझं उपकरण ओळखता आलं नाही’ ही एक अडचण. ‘ओळखलं, पण त्याची भाषा कुणी सांगितली नाही’ ही दुसरी. पहिली अभ्यासाने सुटते. दुसरी माहिती उघडी झाल्याशिवाय सुटत नाही. स्वतःचा कर्नल बांधणाऱ्याने आपली अडचण यातली कोणती, हे आधी ठरवावं. नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या अडचणीसाठी तो रात्रभर मेन्यू चाळत बसतो.

टिली मावशीचा वाद

आता २००० ते २००२ या काळात येऊ. कर्नलमध्ये पर्याय इतके वाढले होते की कोणता पर्याय कशावर अवलंबून आहे, हेच सांभाळणं अवघड झालं. शिवाय मेन्यू दाखवणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम एकच माहिती तीन तऱ्हांनी वाचत. एरिक रेमंड यांनी ‘सीएमएल२’ नावाची पूर्ण नवी व्यवस्था लिहिली. २००१ मध्ये ती कर्नलमध्ये येईल असं वाटतही होतं. तिच्याबरोबर त्यांनी मशीन स्वतः तपासून पर्याय आपोआप भरणारा एक प्रोग्रॅमही पुढे केला. त्यांचं उदाहरण होतं ‘आंट टिली’चं. आपण टिली मावशी म्हणू. संगणकातलं काही न कळणारी ही मावशी. तिलासुद्धा स्वतःचा कर्नल बांधता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

यावर मोठा वाद झाला. विरोधकांचं म्हणणं: मावशीने कर्नल बांधायचाच कशाला? तिला वितरणवाल्यांनी तयार कर्नल द्यावा. काहींचा आक्षेप पायथन भाषा सक्तीची होण्यावर होता. काहींचा, सगळं एकदम उपटून नवं लावण्यावर. शेवटी सीएमएल२ आलंच नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये, २.५.४५ या आवृत्तीत, रोमन झिपेल यांची ‘केकॉन्फिग’ ही व्यवस्था आली, आणि आजही तीच चालू आहे. तिने तीन वाचणाऱ्यांऐवजी एकच वाचणारा ठेवला. प्रत्येक पर्यायाचं नाव, तो कशावर अवलंबून आहे ते, आणि मदतीचा मजकूर हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत, त्या त्या ड्रायव्हरच्या शेजारीच.

आम्हाला विचाराल तर या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून गेल्या. मावशी आणि तज्ज्ञ यांच्या मधे एक तिसरा माणूस असतो. पॉलिटेक्निकला शिकणारी मुलगी. तालुक्याच्या शाळेत संगणक सांभाळणारा शिक्षक. त्याला सगळं आपोआप नको असतं आणि सगळं तोंडपाठही नसतं. त्याला हवी असते एक वाट, जिच्यावर प्रत्येक पाऊल कशावरून टाकलं हे दाखवता येईल. केकॉन्फिगने त्या वाटेचा शेवटचा टप्पा नीट बांधला. मधला टप्पा डिसेंबर २००३ च्या २.६ मालिकेने दिला: ‘सिसएफएस’. प्रत्येक उपकरणाला सध्या कोणता ड्रायव्हर चालवतोय हे तिथं फाइलींच्या रूपात वाचता येतं.

क्रमांकापासून पर्यायापर्यंत

ग्रेग क्रोआ-हार्टमन हे कर्नलच्या मुख्य सांभाळणाऱ्यांपैकी एक. त्यांचं ‘लिनक्स कर्नल इन अ नटशेल’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं, आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. त्यात ही वाट सविस्तर लिहिलेली मिळते. आम्ही ती आपल्या कार्डाचं उदाहरण घेऊन सांगतो.

आधी ज्या तयार कर्नलवर कार्ड चालतंय तो सुरू करा. वितरणवाल्यांच्या कर्नलमध्ये जवळपास सगळे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून असतात, त्यामुळे काम बरंच सोपं होतं. एलएसपीसीआयला ‘-एनएन’ जोडून क्रमांक बघा, आणि ‘-के’ जोडून कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते बघा. समजा उत्तर आलं ‘८१३९टू’. हे झालं मॉड्यूलचं नाव. मेन्यूतल्या पर्यायाचं नाव यापेक्षा वेगळं असू शकतं. वेबकॅमचं मॉड्यूल ‘यूव्हीसीव्हिडिओ’, पण पर्यायाचं नाव ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’. माउसचं मॉड्यूल ‘पीएसमाउस’, पर्याय ‘माउस पीएस२’. अंदाजाने शोधलं तर सापडायचं नाही.

म्हणून सोर्समध्ये जायचं. प्रत्येक फोल्डरात मेकफाइल असते. तिच्यात ‘अमुक पर्याय निवडला तर अमुक फाइल बांध’ अशी एकेक ओळ असते. ग्रेप या आज्ञेने मॉड्यूलचं नाव सगळ्या मेकफाइलींत शोधा, ती ओळ सापडेल, आणि तिच्यातच पर्यायाचं खरं नाव असेल: ‘कॉन्फिग ८१३९टू’. एक बारीक खाच सांगून ठेवतो. चालू मॉड्यूलांच्या यादीत ‘व्हिया_ऱ्हाइन’ असं खालच्या रेघेने दिसतं, आणि मेकफाइलीत तेच ‘व्हिया-ऱ्हाइन’ असं आडव्या रेघेने असतं. शोधताना दोन्ही करून बघा.

आता मेन्यू उघडा, तिरकी रेघ दाबा, ते नाव टाका. तो पर्याय कुठल्या उपमेन्यूत आहे आणि कशावर अवलंबून आहे, हे समोर येतं. आणि कार्ड कुठल्याच चालू कर्नलवर चालत नसेल तर? मग क्रमांकच सोर्समध्ये शोधायचा. प्रत्येक पीसीआय ड्रायव्हर आपण कोणकोणते क्रमांक सांभाळतो याची यादी स्वतःजवळ ठेवतो. ११८६ आणि १३०० ही जोडी ‘८१३९टू’च्या यादीत सापडते. खोक्यावरचं अधिक चिन्ह तिथं कुठंच नाही.

लक्षणाचे दोष

आता आमच्या जुन्या शास्त्राकडे थोडं वळतो. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने शास्त्राची रीत तीन टप्प्यांची सांगितली: उद्देश, लक्षण, परीक्षा. म्हणजे आधी वस्तूचं नाव घ्या, मग तिला इतरांपासून वेगळं करणारी खूण सांगा, मग ती खूण खरोखर लागू पडते का ते तपासा. आपली वाट तशीच आहे. खोक्यावरचं नाव हा उद्देश. क्रमांक हे लक्षण. आणि परीक्षा? बरेच जण ती करतच नाहीत.

ती का लागते बघा. रिअलटेकने ८१३९सी+ नावाची सुधारित चिप काढली, आणि तिला दोन्ही क्रमांक जुनेच ठेवले: १०ईसी, ८१३९. फरक फक्त रिव्हिजनच्या आकड्यात. या नव्या चिपचा ड्रायव्हर मात्र वेगळा आहे, ‘८१३९सीपी’. म्हणजे लक्षण दोन वस्तूंना लागू पडतंय. न्यायात याला अतिव्याप्ती म्हणतात. जुना ड्रायव्हर अशी चिप बघून कर्नलच्या नोंदीत चक्क लिहितो, की ही सुधारित चिप आहे, दुसरा ड्रायव्हर वापरा. नोंद वाचणाऱ्याला उत्तर मिळतं. न वाचणारा म्हणतो, ‘सगळं बरोबर केलं, तरी नेटवर्क नाही.’

दुसरं उदाहरण डिस्कचं. इंटेलच्या अनेक मदरबोर्डांवर बायोसमध्ये एक सेटिंग असतं, आयडीई की एएचसीआय. ते बदललं की तोच डिस्क कंट्रोलर वेगळा क्रमांक सांगतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. एका सेटिंगला ‘एटीए पीआयआयएक्स’, दुसऱ्याला ‘एएचसीआय’. चिप तीच, जागा तीच, ओळख निराळी. कर्नल बांधल्यावर कुणी बायोसला हात लावला, तर कालपर्यंत चालणारा कर्नल आज डिस्क सापडत नाही म्हणून थांबतो. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवून सुरुवातीची रॅमडिस्क बनवली नाही, तरी हेच होतं. कारण मॉड्यूल ज्या डिस्कवर आहे ती उघडायलाच ते मॉड्यूल हवं! किल्ली आत राहिलेल्या कुलूपबंद घरासारखी गत.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेन्यूत पर्याय दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येतं का? कुमारिल भट्टाच्या परंपरेने यावर फार सूक्ष्म विचार केला. वस्तू न दिसण्यावरून तिचा अभाव केव्हा सिद्ध होतो? ती असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, म्हणून घागर नाही असं ठरत नाही. केकॉन्फिगचा मेन्यू ही बरेचदा अंधारी खोली असते. पर्याय ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट बंद असेल, तर तो दिसतच नाही. जानेवारी २०१२ च्या ३.२ आवृत्तीत नेटवर्क ड्रायव्हर कंपनीवार फोल्डरांत लावले गेले, आणि प्रत्येक कंपनीसाठी वरती एक पर्याय आला. रिअलटेकचा तो वरचा पर्याय बंद, तर खालचे सगळे गायब. अशा वेळी ‘नव्या कर्नलमधून माझा ड्रायव्हर काढून टाकला’ असा निष्कर्ष काढणं घाईचं असतं. आधी तिरकी रेघ दाबून शोधा, ‘अवलंबून आहे’ ही ओळ वाचा, दिवा लावा. मग दिसलं नाही, तर नाही म्हणा.

हे कुणासाठी?

डिसेंबर २००९ च्या २.६.३२ आवृत्तीत स्टीव्हन रोस्टेड यांची ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही सोय आली. सध्या जी मॉड्यूल चालू आहेत तेवढीच ठेवायची, बाकीची बंद करायची. एका आज्ञेत टिली मावशीचं बरंचसं काम झालं, म्हणायला हरकत नाही. पण तिलाही मर्यादा आहे. आज्ञा देताना जे जोडलेलं नाही, ते तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. प्रिंटर त्या दिवशी कपाटात होता, तर त्याचा ड्रायव्हर गेला. म्हणून आज्ञा देण्याआधी लागणारं सगळं एकदा जोडून घ्यावं, आणि नंतरची यादी डोळ्यांखालून घालावी. आपोआप होणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवायला, ती हाताने कशी करतात हे माहीत असावं लागतं.

कुणी म्हणेल, आज तयार कर्नल इतके चांगले असताना हा खटाटोप कशाला? बहुतेकांना लागत नाही, हे खरंच आहे. पण काही ठिकाणी लागतो. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिथल्या संशोधकांनी बाजारात मिळणारी एडीसी कार्डं साध्या संगणकांत बसवून, लिनक्सच्या क्लस्टरवर संकेतांवर प्रक्रिया करणारी व्यवस्था उभी केली. २०१० मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अशा कामात हे कार्ड कोणतं, त्याचा ड्रायव्हर कोणता, तो या कर्नलवर चालतो का, हे प्रश्न दुसऱ्यावर सोडून देता येत नाहीत.

आणि दुसरी जागा अगदी जवळची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्यांच्यावर त्याच्या पुढची आवृत्ती अधिकृतपणे चालत नाही असे कितीतरी संगणक शाळांत, छोट्या कार्यालयांत, घरांत पडून आहेत. त्यांतले पुष्कळ लिनक्सवर आणखी काही वर्षं काम देतील. त्यांच्याबद्दल ‘याचा ड्रायव्हर मिळत नाही’ असं एक वाक्य कुणी तरी म्हणतं, आणि मशीन भंगारात जातं. ते वाक्य कधी खरं असतं, विनमोडेमसारखं. पुष्कळदा मात्र त्याचा अर्थ एवढाच असतो, की कुणी क्रमांक वाचलेला नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, कुमारप्पांनी ते सांभाळलं. यंत्र वापरणाऱ्याला ते समजावं आणि गावातच दुरुस्त व्हावं, हा आग्रह आपल्या मातीला नवा नाही. कर्नल आणि चरखा यांत सारखेपणा ओढूनताणून दाखवायची आम्हाला इच्छा नाही. एकात शंभर भाग, दुसऱ्यात कोट्यवधी ओळी. पण प्रश्न एकच राहतो: बिघडलं, तर कारण शोधायची वाट आपल्यासाठी उघडी आहे की नाही? लिनक्समध्ये ती उघडी आहे. चिपचा क्रमांक, ड्रायव्हरची यादी, मेकफाइलीतली ओळ, केकॉन्फिगमधलं नाव. या साखळीतली एकही कडी झाकलेली नाही. तीसेक वर्षांत अनेकांनी ती एकेक करून जोडली. ती न वापरता अंदाजाने ‘हो-नाही’ करत बसणं म्हणजे त्यांची मेहनत वाया घालवणं.

तेव्हा विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं. घरी गेल्यावर एखाद्या जुन्या मशीनवर एलएसपीसीआय चालवा. एक कार्ड निवडा, आणि त्याच्या क्रमांकापासून पर्यायाच्या नावापर्यंत स्वतः चालत जा. प्रत्येक टप्प्यावर ‘हे मला कशावरून कळलं?’ ते वहीत लिहा. आधीचा चालणारा कर्नल मात्र पुसू नका, तो बूटच्या यादीत राहू द्या. नवा उठला नाही तर जुना हाताशी असतो, आणि मग प्रयोग करायला भीती वाटत नाही.

कुणाला प्रश्न असतील तर जरूर विचारा.